येणारे, जाणारे आणि माल

गेल्या वर्षी मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, आखातातून आलेल्या विमानाने प्रशांत वानखडे नागपूरला पोहोचला. राहणार तिवसा, वय एकतीस, काम एसी दुरुस्तीचे. याच विमानतळावरून तो गेला, तेव्हा त्याची मोजणी जाणाऱ्या प्रवाशांत झाली होती. परतला तेव्हा ती आलेल्या मालात झाली. नग एक, वजन पेटीसह एकशे अठ्ठावीस किलो.

या रकान्यांचा तक्ता दर महिन्याला करणे हे माझे काम होते.

एका मराठी दैनिकात मी एकोणीस वर्षे ही नोंद सांभाळली. आधी अकोल्याच्या कचेरीत, नंतर अमरावतीच्या. माझे नाव त्या तक्त्याखाली कधी छापले गेले नाही आणि छापण्याचे कारणही नव्हते. महिना संपला की दुसऱ्या आठवड्यात विमानतळाच्या कार्यालयातून एक पान येई, पूर्वी फॅक्सने, पुढे ईमेलने. त्यावर किती प्रवासी आले, किती गेले, किती टन माल आला, किती गेला आणि विमानांच्या किती फेऱ्या झाल्या, एवढेच असे. शेजारी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे आकडे. ते पान दोन स्तंभांत बसेल असे करायचे आणि वर चार वाक्यांची बातमी लिहायची. वऱ्हाडातले लोक विमानाने कुठे जायचे तर नागपूरलाच जात, म्हणून आमच्या आवृत्तीलाही तो तक्ता लागे.

बाहेरच्या माणसाला हा तक्ता सोपा वाटतो. तो वाटतो तितका सोपा नाही. त्यात माणसे मोजलेली नसतात, प्रवास मोजलेले असतात. एकच व्यापारी महिन्यात चारदा मुंबईला गेला तर तो चार जाणारे आणि चार येणारे होतो. परतवाड्याचा माणूस नागपूरहून विमानाने गेला आणि मुंबईला उतरून रेल्वेने परत आला, तर तक्त्यात तो फक्त गेलेला असतो. प्रवाशाने सोबत नेलेली बॅग म्हणजे माल नव्हे. माल म्हणजे ज्याचे स्वतंत्र वेबिल, म्हणजे वाहतुकीची पावती, फाटते तो: औषधे, यंत्रांचे सुटे भाग, कापड, कधी जिवंत पिल्ले.

कलही दरवर्षी तेच असत. मेमध्ये प्रवासी वाढतात, जून-जुलैत घटतात, दिवाळीच्या महिन्यात पुन्हा वाढतात. मी एक वाक्य करून ठेवले होते, ‘सुट्यांमुळे प्रवासी संख्येत वाढ झाल्याचे दिसून येते.’ ते एकोणीस मे महिन्यांच्या तक्त्यांवर छापले गेले. आमच्या वृत्तसंपादकांचा नियमही ठरलेला होता.

“वाढ असेल तर पान एकच्या तळाला घ्या. घट असेल तर पान सातवर, बाजारभावांच्या शेजारी.”

“आणि जैसे थे असेल तर?” मी पहिल्या वर्षी विचारले होते.

“जैसे थे ही बातमी नसते, मॅडम.”

तक्ता वाचणारे थोडे होते, पण ते नेमाने वाचत. अकोल्याच्या जुन्या शहरातले एक डाळमिलवाले दर महिन्याला फोन करीत. “बाई, सगळ्यांचे आकडे आले. आपल्या अकोल्याचा रकाना कुठी गेला?” अकोल्याजवळच्या शिवणीच्या धावपट्टीवर प्रवासी विमान उतरत नाही, हे त्यांना माहीत होते. मी सांगे, “काका, निरंक आहे.” ते म्हणत, “मंग निरंक लिवा ना. निरंक बी आकडाच हाये.” माझे माहेर त्याच जुन्या शहरातले, मोर्णा नदीच्या काठचे, त्यामुळे त्यांचा टोमणा मला जरा जास्त लागे. निरंक आम्ही कधी छापले नाही.

एका हिवाळ्यात गेलेल्या मालाचा आकडा चढला. मी बातमीला ‘संत्र्याची आकाशझेप’ असा मथळा दिला. संत्र्याचा हंगाम होता आणि माल वाढला होता, मी दोन्ही जोडून टाकले. दुसऱ्या दिवशी वरुडकडच्या एका बागायतदाराचा फोन आला. “ताई, आमचा संत्रा ट्रकनं जाते. चाकाखाली चेंदामेंदा होत जाते बिचारा. विमानात त्याले कोनं बसवलं?” मी चौकशी केली. वाढ एका कारखान्याच्या यंत्रभागांमुळे होती. तो मथळा मागे घेतला गेला नाही. पुढच्या वर्षी मी रजेवर असताना माझ्या जागी आलेल्याने तोच मथळा जुन्या अंकातून उचलून पुन्हा दिला.

भीमराव वानखडे यांची ओळखही अशाच एका चुकीतून झाली.

एका महिन्यात विमानतळाचे पान आलेच नाही. दोन स्तंभांची जागा राखून ठेवलेली होती. वृत्तसंपादक म्हणाले, “मागच्या वर्षीचा तक्ता काढा, महिना तोच आहे, वर्ष बदला. कोण पडताळून पाहतो?” मी वर्ष बदलले. बातमीत वाढ किंवा घट न लिहिता ‘वाहतूक स्थिर’ असे लिहिले.

सकाळी अकराला फोन आला.

“तक्ता कोन बनवते तुमच्या इथं?”

“मी बनवते. बोला.”

“मी वानखडे, तिवस्याहून. एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर. ताई, मागच्या साली या महिन्यात जेवढे मानसं गेले, तेवढेच यंदा गेले? एकबी कमी-जास्त नाई?”

मी म्हणाले, “असा योगायोग होऊ शकतो.”

“होऊ शकते. पन मालाचाबी आकडा तोच, विमानाच्या फेऱ्याबी त्याच. बत्तीस वर्षं वेबिल लिवलं मी, कुठी किती चढले, किती उतरले त्याचं. दोन दिवसाचं वेबिल सारखं आलं का डेपो मॅनेजर पह्यले कंडक्टरले उभा करते.”

मी विचारले, मागच्या वर्षीचा आकडा तुमच्याकडे कसा?

“पाठ हाये. मागच्या साली याच महिन्यात माहं पोरगं दुबईकडे गेलं. त्या जानाऱ्यात एक तो हाये. मंग म्या सकाळी पेपर पाह्यला अन् बायकोले म्हनलं, पाय व, आपला प्रशांत दुसऱ्यांदा गेला का काय?”

ते हसत होते. मी चूक कबूल केली. दोन दिवसांनी पान चारवर ‘दुरुस्ती’ या शीर्षकाखाली तीन ओळी छापल्या गेल्या. माझ्या नोकरीत त्या तक्त्याची छापलेली ती एकमेव दुरुस्ती. वानखडे यांनी ती कापून वहीत चिकटवली, हे त्यांनीच नंतर सांगितले.

त्यानंतर दर महिन्याला, तक्ता छापला त्या दिवशी, अकराच्या सुमारास त्यांचा फोन येई. त्यांनी शंभर पानी वहीत तीन रकाने आखले होते: गेले, आले, बाकी. पहिल्यातून दुसरा वजा करून ते तिसरा भरत.

“ताई, या महिन्यात जानारे जास्त, येनारे कमी. मधले कुठी गेले?”

मी प्रवास आणि माणूस यांतला फरक समजावून सांगितला. मुंबईमार्गे परतणारे, रेल्वेने परतणारे, सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“म्हंजे तुमच्या तक्त्यात कोन उतरलं याचा हिशेबच नाई. आमच्या गाडीत असं चालत नव्हतं. जेवढे चढले तेवढे उतरले पायजेत. चेकर मदातच गाडी थांबवून डोके मोजे.”

याच बोलण्यात त्यांनी अचलपूरची गोष्ट सांगितली. अचलपूर-अमरावती गाडीत एक म्हातारी बसली होती, अमरावतीचे तिकीट काढून. वलगावच्या पुढे तिच्या शेजारणीच्या लक्षात आले की म्हातारी गेली. चालक म्हणाला, गाडी ठाण्यात लावू. गाडी तशी ठाण्यात लागलीच, पंचनामाही झाला. पण त्याआधी वानखडे यांनी वेबिलवर त्या टप्प्याची संख्या लिहिली, तेव्हा म्हातारीला धरून लिहिली.

“ड्रायवर म्हने, वानखडे, तिले काहून मोजून राह्यला? म्या म्हनलं, तिचं तिकीट अमरावतीचं हाये. अमरावती येईपर्यंत ते प्रवासी. कोंबडीचं लगेज-तिकीट फाडतो आमी, गव्हाच्या पोत्याचं फाडतो. मानसाचं नाई फाडत.”

मी ही गोष्ट तेव्हा एक किस्सा म्हणून ऐकली आणि कार्यालयात चहाच्या वेळी सांगितलीही.

दोन वर्षांनी प्रशांत सुटीवर आला. त्या महिन्याचा फोन नेहमीपेक्षा लवकर आला. “ताई, यंदाच्या येनाऱ्यात एक आपला हाये बरं. मी सोता आनाले गेलो व्हतो. आगमन लिवलं ना, त्या दाराशी उभा राह्यलो. एवढी मोठी बॅग घेऊन आला बाप्पा, अन् मायसाठी एक घोंगडी. उन्हाळ्यात घोंगडी!” मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, “तिथं एसीत थंडी वाजते त्याले, म्हनून आनली त्यानं. तुमाले काय समजते?” पत्नीचे नाव कमलबाई. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिससाठी एसटीने अमरावतीला न्यावे लागे.

प्रशांत दीड महिन्याने परत गेला. वानखडे यांच्या वहीत तो पुन्हा पहिल्या रकान्यात गेला.

गेल्या वर्षीच्या मेमध्ये, एका सोमवारी दुपारी, त्यांचा फोन आला. तक्ता छापून चार दिवस झाले होते आणि त्या महिन्याचा त्यांचा फोन राहिला होता.

“ताई, पोरगं उद्या येऊन राह्यलं.”

“अरे वा. सुटी मिळाली?”

“नाई. पेटीत.”

कामाच्या जागी छतावरून पडून प्रशांतचा मृत्यू होऊन एकोणीस दिवस झाले होते. तिकडची कागदपत्रे पूर्ण व्हायला तेवढे दिवस लागले. त्याच्या खोलीत राहणाऱ्या एकाने विमानाचा क्रमांक आणि वेळ मोबाइलवर पाठवली होती. वानखडे यांनी ती मला वाचून दाखवली. मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. एक पुतण्या आणि भाड्याची रुग्णवाहिका घेऊन ते पहाटे निघणार होते.

“मले एवढंच सांगा, कुठी उभं राहू? तुमाले तिथलं समदं माहीत हाये.”

मला माहीत होते. या कामाच्या पहिल्याच वर्षी, विमानतळाच्या कार्यालयातून जे गृहस्थ आकडे पाठवीत त्यांना मी फोनवर विचारले होते, की परदेशातून मृतदेह येतात ते कुठे मोजता? ते म्हणाले होते, “मॅडम, विमानात दोनच गोष्टी असतात. सीटवरची आणि पोटातली. सीटवरचा प्रवासी, पोटातला माल. पेटी मालात.” मालाचे गोदाम प्रवासी इमारतीपासून दूर, वेगळ्या रस्त्याला आहे, तिथे वेगळी खिडकी आहे आणि आदल्या दिवशी फोन केला तर कोणते कागद लागतील ते सांगतात, हेही त्यांनी सांगितले होते.

हे सर्व सांगायला ‘माल’ हा शब्द वापरावा लागला असता. तो शब्द मी एकोणीस वर्षे दर महिन्याला लिहिला होता. त्या दुपारी तो माझ्या तोंडून निघाला नाही.

मी म्हणाले, “आगमनाच्या दाराशी उभे राहा. तिथे सांगतील.”

“मागच्या वेळचंच दार ना?”

“हो.”

पुढचा घटनाक्रम वानखडे आणि त्यांचा पुतण्या संजय यांनी सांगितल्याप्रमाणे आहे.

ते पावणेसहाला आगमनाच्या दाराशी पोहोचले. विमान वेळेवर उतरले. पावणेसात ते आठच्या दरम्यान प्रवासी बाहेर आले. वानखडे यांनी ते मोजले. मोजायचे असे ठरवून नव्हे, सवयीने. शेवटचा प्रवासी गेल्यावर त्यांनी दारावरच्या सुरक्षारक्षकाला विचारले. त्याने कागद पाहिला, टोपी काढली आणि गोदामाचा रस्ता सांगितला. ते रुग्णवाहिकेतून वळसा घालून तिथे पोहोचले तेव्हा नऊ वाजत होते.

तिथून मला पहिला फोन आला.

“ताई, एकशे बेचाळीस उतरले. आता इथं पाठवलं आमाले. पाटी हाये एक. वाचू का?”

मी हातातले पान बाजूला ठेवले.

“माल आवक,” त्यांनी वाचले.

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने कागद तपासले. वडिलांचे मूळ ओळखपत्र आणि मृताच्या पासपोर्टची प्रत लागत होती. वानखडे यांच्याकडे ओळखपत्राची झेरॉक्स होती. मूळ ओळखपत्र आणि पासपोर्टची प्रत तिवस्याला कमलबाईंच्या कपड्यांच्या पेटीत होती. आदल्या दिवशी विचारले असते तर हे सोमवारीच कळले असते. रुग्णवाहिकेचा चालक जागा सोडायला तयार नव्हता. संजय बसस्थानक गाठून एसटीने तिवस्याला गेला. जाऊन परत यायला त्याला सात तास लागले. तो खिडकीशी आला तेव्हा त्या दिवशीच्या सुपुर्दीची वेळ संपून अर्धा तास झाला होता.

“काका, सकाळी पहिला नंबर तुमचाच,” खिडकीवरचा कर्मचारी म्हणाला. त्याने दुपारी दोनदा वानखडे यांना पाणी आणून दिले होते. त्याने नियमाप्रमाणे जे करायचे ते केले. दोष असेल तर त्या खिडकीच्या आतल्या बाजूला नव्हता.

वानखडे गोदामाच्या फाटकाबाहेर थांबले. संध्याकाळी मला त्यांचा आणखी एक फोन आला. त्यांनी एवढेच सांगितले, “उद्या साडेनवाले सुटन म्हन्ते.”

तिवस्याला त्या दिवशी मंडपाचे कापड लागले होते. नातेवाईक पांढऱ्या कपड्यांत आले होते. मंगळवार हा कमलबाईंच्या डायलिसिसचा दिवस. शेजारच्या बाईने आठवण केली तेव्हा त्या म्हणाल्या, “पोरगं घरी येऊन राह्यलं अन् मी तिकडं सुया टोचून पडू काय? उद्या जाईन.” संजय कागद न्यायला आला तेव्हा त्यांनी पेटी उघडून ते स्वतः काढून दिले आणि विचारले, “कोनत्या दारानं येते म्हने तो?” संजय कागद घेऊन निघाला.

बुधवारी पहाटे कमलबाईंना श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. शेजाऱ्यांनी त्यांना गाडीत घालून अमरावतीच्या रुग्णालयात नेले. सात वाजता त्या अतिदक्षता विभागात दाखल झाल्या. शुक्रवारी डायलिसिस झाल्यानंतर पाच दिवस गेले होते.

त्याच सकाळी साडेनऊला खिडकी उघडली. दहा वाजून वीस मिनिटांनी पेटी वानखडे यांच्या ताब्यात मिळाली. त्यांनी वेबिलच्या प्रतीवर सही केली. हे वेबिलही त्यांनी पूर्ण वाचले. मालाचे स्वरूप या रकान्यात ‘मानवी अवशेष’ असे लिहिलेले होते.

रुग्णवाहिका दीडला तिवस्याला पोहोचली. कमलबाई रुग्णालयात असल्याचे कळले होते. वानखडे खाली उतरले नाहीत. त्यांनी चालकाला सरळ अमरावतीला घ्यायला सांगितले. नातेवाईक म्हणाले, उन्हाचे दिवस आहेत, पेटी किती फिरवायची. वानखडे म्हणाले, “त्याच्या मायनं पाह्यलं नाई अजून.”

फोनवर कळल्यावर मी रुग्णालयाच्या फाटकाशी येऊन थांबले होते. तिथे मी पहिल्यांदा वानखडे यांना समोरासमोर पाहिले. उंच, वाकलेले, खिशाला कंडक्टर लावतात तसा पेन. ते मला म्हणाले, “तुमीच ताई का?” आणि आत गेले.

डॉक्टरांनी सांगितले, कमलबाईंना खाली आणता येणार नाही. पेटी वर नेता येणार नव्हती. त्यांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. तिथल्या खिडक्या मागच्या बाजूला उघडत होत्या, रुग्णवाहिका पुढच्या बाजूला उभी होती. वानखडे यांनी चालकाला गाडी मागच्या बाजूला लावता येईल का, असे विचारले. मागे रस्ता नव्हता. ते एकटे वर गेले. सात-आठ मिनिटांनी खाली आले.

“काय म्हणाल्या?” संजयने विचारले.

“झोपून हाये. म्या सांगितलं कानात, खाली आला म्हनून.”

रुग्णवाहिका तिवस्याला परतली. पेटीवरचा पत्रा कापायला गावातला एक पत्रेकाम करणारा आला. वानखडे यांनी चेहरा पाहिला आणि तो प्रशांतच असल्याचे सांगितले. त्रिशरण-पंचशील झाले. साडेसहाला अंत्यसंस्कार झाले.

कमलबाईंना अकरा दिवसांनी रुग्णालयातून घरी सोडण्यात आले. त्यांनी मुलाचे अंत्यदर्शन घेतलेले नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात विमानतळाचे पान आले. मी तक्ता केला. सुट्यांमुळे प्रवासी संख्येत वाढ झाल्याचे दिसून येते, असे लिहिले. आलेल्या मालाचा आकडा पूर्ण टनांत होता. विमानतळाच्या पानावर दशांशही असतात. स्तंभाच्या रुंदीत बसत नाहीत म्हणून ते मी पहिल्या वर्षापासून गाळत आले होते. एकशे अठ्ठावीस किलोने तो आकडा बदलत नाही.

छापून आले त्या दिवशी अकराला फोन आला नाही. बाराच्या सुमारास वानखडे स्वतः कार्यालयात आले. सोबत वही होती. त्यांनी माझ्या टेबलावर तक्त्याचे कात्रण आणि वेबिलची प्रत शेजारी शेजारी ठेवली.

“ताई, यात माहं पोरगं कुठी हाये?”

मी आलेल्या मालाच्या रकान्यावर बोट ठेवले. दशांशाचेही सांगितले.

“म्हंजे इथंबी नाई.”

“नाही.”

कोणीतरी चहा आणून ठेवला, त्यांनी घेतला नाही.

“त्या दिवशी मी फोन केला तवा तुमाले माहीत नव्हतं का? का पेटी दुसऱ्या दारानं येते म्हनून?”

“माहीत होतं.”

“मंग?”

मी टेबलावरचे वेबिल सरळ केले. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

“मले दुरुस्ती पायजे,” ते म्हणाले. “मागं दिली व्हती तुमी, तशीच. येनाऱ्या प्रवाशांत एक वाढवा अन् मालातून तेवढं वजन कमी करा. गेला तवा प्रवासी म्हनून गेला. अचलपूरच्या म्हातारीचं सांगितलं व्हतं तुमाले.”

मी त्यांना घेऊन वृत्तसंपादकांकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, वानखडे यांना बसायला खुर्ची दिली, वेबिल दोन्ही बाजूंनी पाहिले.

“काका, मला वाईट वाटतं. पण तक्ता बरोबर आहे. विमानतळाने दिला तसा छापलाय. चूक झालेली नसताना दुरुस्ती कशी छापू?”

“मागच्या खेपेले तर तुमी सोताहून चुकीचा छापला व्हता,” वानखडे म्हणाले.

“म्हणून तर दुरुस्ती दिली.”

“म्हंजे चुकीचा छापला तर दुरुस्ती भेटते. बरोबर छापला तर नाई भेटत.”

वृत्तसंपादकांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे म्हणणे वृत्तपत्राच्या नियमाला धरून होते. त्यांच्या जागी मी असते तरी तेच सांगितले असते. वानखडे यांनी वेबिल घडी करून वहीत ठेवले. जिन्यापर्यंत मी त्यांच्यासोबत गेले. खाली उतरताना त्यांनी कठड्याला धरले होते.

त्या दुपारी मी चार ओळी लिहिल्या. शीर्षक ‘दुरुस्ती’. मे महिन्यात तिवसा येथील प्रशांत भीमराव वानखडे हे प्रवासी आखातातून नागपूर विमानतळावर आले. त्यांची नोंद प्रवाशांत न होता मालात झाली. त्यांची आई त्यांना पाहू शकली नाही, कारण त्यांच्या वडिलांना हा तक्ता करणाऱ्या उपसंपादकाने चुकीचे दार सांगितले. मजकूर मी संगणकावर दुरुस्त्यांच्या यादीत टाकला. छापण्यासाठी त्यावर वृत्तसंपादकांची मान्यता लागते.

जूनच्या तीस तारखेला मी निवृत्त झाले. तक्ता आता दुसरी उपसंपादक करते. अमरावतीहूनही विमान सुटू लागल्यापासून त्यात एक ओळ वाढली आहे. अकोल्याची ओळ नाही.

हा लेख लिहिण्याआधी मी कार्यालयात फोन करून विचारले. तो मजकूर यादीत आहे. त्यावर मान्यतेची खूण नाही. तक्ता छापल्याच्या दिवशी अकराला तिवस्याहून फोन येतो का, हेही विचारले. गेल्या जूनपासून आलेला नाही.